भूत चौकटीत केव्हा येते? जपानी आणि अमेरिकी भयपटांविषयी

प्रश्न असा विचारला गेला आहे: ‘रिंगू’ हा जपानी चित्रपट आणि त्याचा अमेरिकी रिमेक ‘द रिंग’ लागोपाठ पाहिले, दोन्हींत विहिरीत मेलेल्या मुलीची शापित चित्रफीत पाहणारा माणूस सात दिवसांनी मरतो, म्हणजे शाप तोच, विहीर तीच, सात दिवसांची मुदतही तीच, तरी दोन्हींतल्या भीतीची जात वेगळी का वाटते? जपानी भयपट संयत आणि अमेरिकी भयपट भडक, एवढाच हा फरक आहे का? मी गेली बावीस वर्षे चित्रपट आणि मालिकांचे संकलन करतो आहे आणि त्यातली काही वर्षे संकलन शिकवतोही आहे, त्यामुळे माझे उत्तर संकलनाच्या टेबलावरून आलेले असेल. समीक्षक हाच प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळतील.

संयत आणि भडक ही वाटणी मला मान्य नाही. अमेरिकेतल्या आरकेओ स्टुडिओने १९४२ साली काढलेल्या ‘कॅट पीपल’मध्ये हिंस्र श्वापद जवळजवळ दिसतच नाही, सगळा खेळ सावल्यांचा आणि आवाजांचा आहे. उलट ताकाशी मिइके यांच्या १९९९ च्या ‘ऑडिशन’चा शेवटचा भाग मी वर्गात दाखवतो तेव्हा विद्यार्थ्यांना आधी सांगून ठेवावे लागते, आणि नोबुहिको ओबायाशी यांच्या १९७७ च्या ‘हाउसू’मध्ये एक पियानो चक्क मुलीला खाऊन टाकतो. शिवाय ‘द रिंग’ (२००२) आणि ‘द ग्रज’ (२००४) या ज्या दोन रिमेकवरून ही चर्चा सुरू होते, त्या दोघांनाही अमेरिकेत पीजी-१३ हे प्रमाणपत्र मिळालेले आहे, म्हणजे तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांनी सावध राहावे एवढीच सूचना. रक्त त्यांत फारसे नाहीच. तेव्हा फरक रक्ताच्या प्रमाणात शोधून हाती काही लागणार नाही.

मी विद्यार्थ्यांना कोणत्याही भयदृश्यापुढे एकच प्रश्न विचारायला सांगतो. भूत चौकटीत, म्हणजे पडद्यावरच्या चित्रात, केव्हा आले आणि त्याला कुणी आणले? ते कटबरोबर, म्हणजे शॉट बदलताना, आले, की शॉट सुरू झाला तेव्हापासून तिथेच होते आणि आपले लक्ष नंतर गेले? माझ्या मते दोन्ही परंपरांमधला सर्वांत उपयोगी भेद या प्रश्नातून दिसू लागतो आणि त्याच्या मागेमागे गेले की धर्म, घर, मृत्यू आणि न्याय यांच्याविषयीच्या त्या त्या समाजाच्या समजुतींपर्यंत पोहोचता येते.

कटबरोबर येणाऱ्या भीतीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना ‘कॅट पीपल’मध्येच आहे. ॲलिस नावाची तरुणी रात्री बागेच्या भिंतीकडेने एकटी चालली आहे आणि मागून दुसरी बाई येते आहे. आपल्याला टाचांचे दोन आवाज ऐकू येतात. मग मागचा आवाज थांबतो. ॲलिस वळून पाहते, तिची चाल वाढते, ती धावू लागते, आणि अगदी त्या क्षणी चौकटीच्या कडेने एक बस फिस्सकन ब्रेक लावत आत घुसते. प्रेक्षक खुर्चीतून उडतो, आणि कारण निघते साधी बस. निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्या नावावरून या युक्तीला व्यवसायात ‘ल्यूटन बस’ म्हणतात. दिग्दर्शक झाक तूर्नर होते आणि संकलक होते मार्क रॉबसन, जे पुढे स्वतः दिग्दर्शक झाले. पुढची ऐंशी वर्षे अमेरिकी भयपटाने या शोधावर गुजराण केली, असे मी म्हटले तर ते थोडेसेच अतिशयोक्त होईल. ताण हळूहळू वाढवायचा, शांतता लांबवायची, आणि एका कटवर दृश्य आणि आवाज दोन्ही एकदम सोडायचे. यात प्रेक्षकाचे आणि पात्राचे ज्ञान बरोबरीने चालते. ॲलिस दचकते तेव्हाच आपण दचकतो.

आता ताकाशी शिमिझू यांच्या ‘जु-ऑन’ या २००२ च्या चित्रपटातली लिफ्ट पाहा. हितोमी नावाची तरुणी रात्री घरी परतते आणि लिफ्टने वर जाते. लिफ्टच्या दाराला काच आहे. ती त्या काचेकडे पाहत नाही. एक मजला जातो, काचेपलीकडे एक लहान मुलगा उभा दिसतो. पुढचा मजला, तिथेही तोच मुलगा. त्याच्या पुढच्या मजल्यावरही तोच. कॅमेरा मुलाजवळ जात नाही, क्लोज-अपचा कट नाही, पार्श्वसंगीताचा तडाखा नाही. हितोमीला यातले काहीही कळलेले नाही. भीती आपल्या एकट्याजवळ आहे, आणि ती तिला सांगण्याची कोणतीही सोय आपल्यापाशी नाही. शिमिझूंनी स्वतःच दिग्दर्शित केलेल्या ‘द ग्रज’ या अमेरिकी रिमेकमध्ये हे दृश्य जवळजवळ जसेच्या तसे ठेवले, आणि अमेरिकी प्रेक्षकांवरही त्याचा परिणाम झाला. म्हणून हे तंत्र समजायला जपानी असावे लागते असे मी कधीच म्हणत नाही.

या दोन पद्धतींतला फरक मी पुस्तकात वाचण्याआधी एका अंधाऱ्या सभागृहात पाहिला. मी संकलित केलेल्या एका लघुपटात वाड्याच्या बोळाचा एक लांब शॉट होता. बोळाच्या टोकाला, उंबऱ्यापाशी, एक बाई पाठमोरी उभी होती, पण पुढ्यात मुलगा अभ्यास करत बसलेला असल्याने नजर आधी त्याच्यावर जात असे. निर्मात्यांच्या आग्रहामुळे मी तो शॉट चार सेकंदांवर आणला, बाईचा क्लोज-अप जोडला आणि त्यावर ढोलाचा एक ठोका टाकला. पहिल्या खेळाला सगळे सभागृह एकाच क्षणी किंचाळले आणि लगेच हसले. दुसऱ्या खेळाआधी दिग्दर्शकाने मूळ रचना परत आणण्याचे धाडस केले: अकरा सेकंद, एकही कट नाही, ठोका नाही. त्या वेळी मी मागच्या रांगेत बसलो होतो. आधी डावीकडच्या एका बाईंनी शेजारणीचा हात धरला. मग पुढच्या रांगेत कुणीतरी ‘अगं, मागे बघ’ असे कुजबुजले. मग ती कुजबुज रांगांमधून सरकत गेली, कारण प्रत्येकाला ती बाई वेगळ्या क्षणी दिसत होती. हसले कुणीच नाही. कटने दिलेली भीती सगळ्यांची एकदम असते आणि एकदम संपते, तर चौकटीत आधीपासून उभी असलेली भीती ज्याची त्याला सापडते. सापडल्यावर पुढच्या प्रत्येक शॉटचे कोपरे माणूस स्वतःच तपासू लागतो. भीतीचे निम्मे काम प्रेक्षक स्वतःच करतो.

जपानमध्ये ही शैली अचानक अवतरली नाही. ‘खरोखर घडलेल्या भयकथा’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली नोरिओ त्सुरुता यांनी १९९१ पासून थेट व्हिडिओवर काढलेल्या छोट्या गोष्टींत भूत पार्श्वभूमीत, धूसर, न हलता उभे असते. ‘जु-ऑन’सुद्धा आधी २००० साली व्हिडिओवरच आला होता. या मंडळींकडे पैसा कमी होता, महागडे मेकअप आणि यांत्रिक राक्षस परवडणारे नव्हते, आणि एखाद्या माणसाला दूर उभे करायला काहीच खर्च येत नाही. पण केवळ गरिबीतून शैली जन्मते असेही नाही, कारण त्यांच्या हाताशी भुताचे एक तयार, शतकांचे जुने रूप होते. पांढरे मृत्युवस्त्र, मोकळे सोडलेले लांब काळे केस, निर्जीव लोंबणारे हात, आणि पाय नाहीतच, हे युरेईचे, म्हणजे जपानी भुताचे, रूप अठराव्या शतकातल्या चित्रांत पक्के झाले. १८२५ साली एदो नगरीत (आजच्या टोकियोत) त्सुरुया नानबोकू चौथे यांचे ‘योत्सुया काइदान’ हे काबुकी नाटक रंगमंचावर आले. त्यातली ओइवा शेजाऱ्यांनी पाठवलेल्या विषाने विद्रूप होते, आरशापुढे केस विंचरू लागते, आणि फणीबरोबर केस रक्तासह गळून येतात. ‘रिंगू’तल्या भुताचे, म्हणजे सादाकोचे, केस चेहऱ्यावर का असतात याचे उत्तर त्या रंगमंचावर आहे.

ओइवाकडे पाहताना मराठी वाचकाला हडळ आठवेल. आठवण चुकीची नाही, पण एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. जपानमध्ये सूडाने परतणाऱ्या आत्म्याला ‘ओनर्यो’ म्हणतात आणि त्याचा इतिहास राज्यकारभाराशी जोडलेला आहे. सुगावारा नो मिचिझाने हा विद्वान दरबारी खोट्या आरोपावरून राजधानीपासून दूर दाझाइफूला पाठवला गेला आणि ९०३ साली तिथेच वारला. पुढे दरबारात मृत्यू होत गेले, आणि ९३० साली क्योतोच्या राजवाड्यावर वीज कोसळली, तेव्हा हा त्याचाच कोप आहे असे मानले गेले. त्याचे पद मरणोत्तर परत दिले गेले, त्याच्यासाठी कितानोचे देवस्थान उभे राहिले, आणि तोच आज विद्येचा देव म्हणून पुजला जातो. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी त्याच्याकडे जातात. यात भुताला मारण्याची किंवा हाकलण्याची कल्पनाच नाही. त्याच्यावर अन्याय झाला होता हे कबूल करायचे आणि त्याला जागा द्यायची, एवढाच मार्ग आहे. ऑगस्टमधल्या ओबोनला मृत घरी येतात, त्यांच्यासाठी दिवे आणि आगी पेटवतात आणि नंतर त्यांना निरोप देतात. पितृपक्ष पाळणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला यात परके काही वाटू नये. भयकथांचा हंगामही तिथे हाच, उन्हाळ्याचा आहे.

अमेरिकी परंपरेत परलोक बहुतेक वेळा ख्रिस्ती चौकटीतून येतो, आणि त्या चौकटीत दुष्ट शक्तीशी लढता येते. ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) मध्ये दोन धर्मगुरू प्राण देतात, पण मुलगी वाचते. धर्म नसला तर मालमत्ता असते. ‘पोल्टरगाइस्ट’ (१९८२) मध्ये घरबांधणी कंपनीने स्मशानातले दगड हलवले, प्रेते तशीच ठेवली आणि वर घरे विकली, हे कळले की सगळा घोळ उलगडतो. कुटुंब घर सोडून जाते आणि वाचते. म्हणजे भूत हा एक प्रश्न आहे, त्याला कारण आहे, कारण सापडले की उपाय आहे, आणि नायकाने पुरेशी धडपड केली तर तो उपाय हाती येतो. या विश्वासाला मी कमी लेखत नाही. माणसाने अंधारात कंदील घेऊन शिरावे आणि काहीतरी समजून बाहेर यावे, ही गोष्टच चांगली आहे. पण या विश्वासाचा परिणाम पटकथेवर आणि म्हणून संकलनावर होतो, कारण अशा कथेला सतत पुढे जावे लागते.

‘रिंगू’ आणि ‘द रिंग’ची तुलना करताना हे घड्याळावरच दिसते. हिदेओ नाकाता यांचा १९९८ चा चित्रपट साधारण ९५ मिनिटांचा आहे, गोर व्हर्बिन्स्की यांचा ११५ मिनिटांचा. जास्तीची वीस मिनिटे गेली कुठे? मुख्यतः समाराच्या, म्हणजे अमेरिकी चित्रपटातल्या सादाकोच्या, पूर्वकथेत: दत्तक घेणारे जोडपे, घोड्यांचा मळा, जहाजावरून समुद्रात उडी घेणारा घोडा, मानसोपचाराच्या चित्रफिती. घोड्याचे दृश्य मला स्वतःला फार आवडते आणि बोयान बाझेली यांचे निळसर-हिरवे छायाचित्रण आजही शिकवण्यासारखे आहे. पण या सगळ्याचा उद्देश समारा अशी का झाली हे समजावणे आहे. ‘रिंगू’मध्ये सादाकोची हकीकत थोडक्यात उरकते. तिच्या आईच्या अतींद्रिय शक्तीचे जाहीर प्रात्यक्षिक होते, पत्रकार तिला लबाड ठरवतात, त्यातला एक जागच्या जागी मरून पडतो. पुढे मुलगी विहिरीत. पटकथाकार हिरोशी ताकाहाशी यांनी कारण सांगितले, पण त्या कारणाने प्रेक्षकाला धीर मिळू दिला नाही.

दोन्ही चित्रपटांत एक मोठी हुलकावणी आहे, आणि ती मूळ जपानी चित्रपटाची आहे. विहिरीत उतरून हाडे शोधली, मृत मुलीला कुशीत घेतले, आता तिला शांती मिळाली असे आपल्याला वाटते. मिचिझानेच्या कथेप्रमाणे पाहिले तर हाच योग्य उपाय होता. आणि तो चालत नाही. परंपरेने दिलेले उत्तर परंपरेतल्याच भुताने नाकारावे, यात १९९८ च्या जपानी प्रेक्षकाला बसलेला धक्का आपल्याला अंदाजानेच कळू शकतो.

त्यानंतर येते दूरचित्रवाणी संचातून बाहेर पडणारी मुलगी. नाकातांनी सादाकोच्या भूमिकेतल्या नटीला उलट चालायला लावले आणि चित्रफीत उलटी फिरवली, म्हणून तिची प्रत्येक हालचाल माणसाची असूनही माणसाची वाटत नाही. ती सरपटते, बोटांना नखे नाहीत, उभी राहते, चालते. चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही, केसांआडून फक्त एक डोळा दिसतो. र्‍यूजीच्या, म्हणजे नायिका रेकोच्या माजी नवऱ्याच्या, खोलीत फोन वाजतो, तो धडपडतो, पण त्याला वाचवायला कुणी निघालेले नाही. अमेरिकी चित्रपटात हाच प्रसंग समांतर संकलनाने बांधला आहे: इकडे समारा बाहेर पडते, तिकडे नायिका रेचल गाडी घेऊन सुसाट निघालेली. पोहोचेल की नाही? या कटांमुळे ताण नक्कीच वाढतो, पण त्याचबरोबर कुणीतरी वेळेत पोहोचले असते तर हा माणूस वाचला असता, अशी एक शक्यता चित्रपट आपल्या हाती ठेवतो. शिवाय समाराची आकृती संचाच्या चित्रासारखी थरथरते आणि तिचा चेहराही पुरता दाखवला जातो. रिक बेकर यांच्या मेकअपबद्दल मला आदर आहे, पण त्या एका डोळ्यापुढे तो पूर्ण चेहरा मला नेहमी कमी पडतो, कारण चेहरा दिसला की तो कसा बनवला असेल याचा विचार मनात येतोच.

आवाजाविषयी थोडक्यात सांगतो. मासाकी कोबायाशी यांच्या १९६४ च्या ‘क्वाइदान’साठी तोरू ताकेमित्सू यांनी लाकूड फुटण्याचे, चिरफाळण्याचे आवाज वापरले आणि ते दृश्याशी मुद्दाम जुळवले नाहीत. पडद्यावर फळी मोडते तेव्हा शांतता असते आणि आवाज भलत्याच वेळी येतो. ‘आवाज आला म्हणजे काहीतरी घडले’ हा प्रेक्षकाचा भरवसाच काढून घेतला की पुढे साधी शांतताही सहन होत नाही. ‘रिंगू’साठी केन्जी कावाई यांनी दिलेल्या घासल्यासारख्या धातुमय ध्वनीत याच वळणाचे काम दिसते.

कियोशी कुरोसावा यांच्या ‘काइरो’ (२००१) मध्ये एका बाईचे भूत खोलीच्या टोकाकडून सोफ्यामागे लपलेल्या तरुणाकडे चालत येते. मध्येच तिचा पाय मुडपतो, ती विचित्रपणे झुकते, सावरते आणि पुन्हा चालू लागते. बस, एवढेच. पण कॅमेरा घाईने कट करत नाही आणि ती चाल पाहत बसणे आपल्यावर सोपवतो. २००६ मध्ये याचा ‘पल्स’ नावाने अमेरिकी रिमेक झाला. तो मी दोनदा पाहिला आहे आणि त्यातला एकही शॉट मला आठवत नाही, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

माझ्या विवेचनाला एक मोठा अपवाद सांगितलाच पाहिजे. जॉन कार्पेंटर यांचा ‘हॅलोविन’ (१९७८) पूर्णपणे अमेरिकी आहे आणि तरी त्यातला खुनी रुंद चौकटीच्या कडेला, झुडपापाशी, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उभा असतो. शेवटाकडे तो नायिकेच्या मागे, धूसर, जमिनीवरून उठून बसतो, आणि ती पाठमोरी असते. २०१४ चा ‘इट फॉलोज’ याच वाटेने जातो. त्यात दूरवरून सावकाश चालत येणारे माणूस आपल्याला पात्रांच्या आधी दिसते. म्हणजे चौकटीची ही पद्धत कुणाच्या मालकीची नाही. तरीही कार्पेंटरना शेवटी सहा गोळ्या झाडाव्याशा वाटल्या. खुनी त्या गोळ्यांनंतरही नाहीसा होतो ही गोष्ट वेगळी, पण प्रतिकाराची ती कृती कथेला हवी होती. ‘जु-ऑन’मध्ये कुणी काहीच झाडत नाही, कारण त्या घरात पाऊल टाकले एवढाच गुन्हा आहे. तिथे मरणारी समाजसेविका एका आजारी म्हातारीला मदत करायला आली होती.

ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना मी दोन्ही चित्रपटांची शेवटची पाच मिनिटे पुन्हा पाहायला सांगेन. मुलाला वाचवायचे तर चित्रफितीची प्रत काढून ती दुसऱ्या कुणाला दाखवावी लागणार, हे दोन्ही आयांना कळलेले आहे. ‘द रिंग’मध्ये रेचल मुलाचा हात धरून प्रत काढून घेते आणि मुलगा विचारतो, ज्याला आपण ही दाखवू त्याचे काय होईल? ती गप्प राहते. प्रश्न नैतिक आहे, गंभीर आहे, पण तो ‘कुणीतरी’ अनोळखी आहे. ‘रिंगू’मध्ये हा प्रश्न विचारलाच जात नाही. रेको गाडीत बसते, फोन लावते आणि म्हणते, बाबा, योइचीसाठी एक काम आहे. मुलगा ज्या आजोबांच्या घरी राहत होता, ज्यांच्याकडे त्याने ती चित्रफीत पाहिली, त्यांचेच नाव या यादीत पुढे आले आहे, आणि आजोबा नकार देणार नाहीत हे तिला माहीत आहे. इथे ना दचका आहे, ना भूत आहे, ना एखादा धारदार कट. चौकटीत एक मोटारगाडी आहे, लांब सरळ रस्ता आहे, आणि समोर आभाळ काळे होत चालले आहे.